आधी खोली किती, ते सांगा

गडदे मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की दारातच दोन क्षण थांबायच्या. डोळे मिटायच्या नाहीत, हात पुढे करायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. मग म्हणायच्या, "चौतीस." आणि आत येऊन खुर्ची ओढायच्या.

स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या माणसाला हे काय चाललंय ते कळायचं नाही. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. मी हजर झालो त्या दिवशी त्या दारात थांबल्या, "एकतीस" म्हणाल्या, आणि मला वाटलं बाई हजेरी घेतायत की काय. शेजारी बसलेले वेल्डिंगचे निदेशक गालात हसले आणि त्यांनी भिंतीवरच्या डिजिटल घड्याळाकडे बोट केलं. त्या घड्याळात खाली बारीक आकड्यांत तापमान यायचं. एकतीस पूर्णांक दोन.

आमची आयटीआय बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर. मी तिथं ड्राफ्ट्समनचा ट्रेड शिकवतो, म्हणजे मुलांना नकाशे काढायला. चंद्रकला गडदे फ्रीज-एसीच्या निदेशक. त्या ट्रेडला जिल्ह्यात तरी मी दुसरी बाई पाहिली नाही. उंच, हाडापेरानं मजबूत, कायम सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी बूट. खांद्याला खाकी कापडाची पिशवी. त्यात एक मीटर, त्याला जोडायच्या दोन लांब वायरी, एक वही आणि भाजलेल्या फुटाण्यांची पुडी. मीटरच्या वायरीचं टोक कुठंही टेकवलं की त्या जागेचं तापमान आकड्यात दिसायचं. पण मॅडमची पद्धत ठरलेली होती. आधी हात, मग अंदाज मोठ्यानं बोलायचा, आणि मग मीटर. पोरांनाही तेच करायला लावायच्या.

"मीटर खोटं बोलत न्हाई, पण चुकीच्या जागी लावलं तर खरं बोलूनबी फसवतं," त्या म्हणायच्या. "कुठं लावायचं ते हात सांगतो."

वर्गात ओरडायच्या नाहीत. चुकलेल्या पोराला नुसतं विचारायच्या, "कावून?" म्हणजे, का म्हणून? पोरगं काहीतरी सांगायचं. त्या परत, "कावून?" असं तीन-चारदा झालं की पोरगं स्वतःच्याच उत्तरापाशी येऊन पोचायचं. पोरं त्यांना पाठीमागे 'कावून मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं.

त्यांच्याबद्दल आमच्याकडे सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती थोरात मामांची गोष्ट. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

थोरात मामा आमचे शिपाई. मी नवीन होतो त्या वर्षीची, एप्रिलचे शेवटचे दिवस होते. परीक्षेची बाकं काढायला मामा सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये होते. साडेबाराच्या सुमारास कुणीतरी धावत आलं, मामा पडले. आम्ही गेलो तर मामा बाकांच्या मध्ये उताणे, डोळे अर्धे उघडे, काहीतरी असंबद्ध पुटपुटत होते. एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्यानं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

"पाणी पाजू नका!" मागून आवाज आला. गडदे मॅडमचा इतका मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "शुद्ध न्हाई त्यांना. छातीत जाईल."

त्या खाली बसल्या. हाताची मागची बाजू मामांच्या मानेला लावली. मग काखेत. "घाम न्हाई," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीसच्या वर हायेत. उचला. व्हरांड्यात घ्या, फरशीवर."

चौघांनी उचललं. मॅडमनी मामांचा सदरा फाडूनच काढला, बटणांच्या नादी लागल्या नाहीत. एकाला दवाखान्याच्या गाडीला फोन करायला लावला. वर्कशॉपमधला उभा पंखा आणवला. पडद्याचं कापड ओलं करून अंगावर टाकलं, पंखा सोडला, कापड वाळत आलं की पुन्हा ओलं. त्यांच्या वर्गातल्या प्रात्यक्षिकाच्या डीप फ्रीजरमध्ये बर्फ असायचा. तो पोत्यात कुटून मानेशी, काखेत, जांघेत. आणि दुसऱ्या काखेत मीटरच्या वायरीचं टोक. एक्केचाळीस पूर्णांक चार.

गाडी यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मॅडम एकदाही उठल्या नाहीत. मी बाजूला ओलं कापड पिळत होतो. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, वर्गात एखादा कॉम्प्रेसर ऐकत बसाव्यात तसा. दर दहा मिनिटांनी आकडा बघायच्या आणि पेनानं डाव्या तळहातावर लिहायच्या. वेळ, आकडा. वेळ, आकडा. एकोणचाळीसच्या खाली आल्यावर म्हणाल्या, "बर्फ काढा आता."

"अजून ताप आहे की मॅडम," मी म्हणालो.

"हाय. पण आता आपलं आपण उतरंल. आणखी गार केलं तर थरथर सुटंल, आन् थरथरीनं अंग पुन्हा तापतं."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, किती वेळ बेशुद्ध होते, ताप किती होता. मॅडमनी तळहात पुढं केला. डॉक्टरांनी तो तळहात धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी वर पाहिलं.

"काखेत घेतलंय," मॅडम म्हणाल्या. "आतलं त्याहून जास्त असंल. तेवढं धरून चाला."

डॉक्टरांनी आपल्या कागदावर ते सगळे आकडे उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी मामा घरी आले. आजही आहेत. मॅडमचं नाव निघालं की मामा नुसते दोन्ही हात जोडतात.

या बाईला कुणाची भीती वाटत असेल, असं मला कधी दिसलं नाही. बालाघाटाच्या डोंगरकडेला बायकांच्या एका गटानं सीताफळाचा गर साठवायला छोटं शीतगृह बांधलं होतं. ते नीट चालतंय की नाही हे तपासायला त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी मला बरोबर घेतलं, कारण खोलीचा नकाशा मी काढून दिला होता. गेलो तर तिथं मांडव, फिती, सनई. उद्घाटन त्याच दिवशी ठेवलेलं. भागातले मोठे पुढारी येणार होते, आणि ते वेळेआधी आले. मॅडम तेव्हा बंद दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वायर दाराच्या फटीतून आत गेलेली, मांडीवर वही.

पुढाऱ्यांचा माणूस पुढे आला. "बाई, सरका जरा. साहेब आले."

"दार उघडता यायचं न्हाई. माप चालू हाय."

"अवो, साहेबांना पुढं तीन कार्यक्रम हायेत!"

"मग ते तीन करून या. तवर माझं होतंय."

गटाच्या अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. पण तो पुढारी एकटक मॅडमकडे बघत राहिला, मग खो खो हसला आणि शेजारची खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसला. "काय बघताय बाई?" त्यानं विचारलं. मॅडमनी वही त्याच्यापुढे धरली आणि समजावून सांगायला लागल्या. पंचवीस मिनिटं तो ऐकत होता. मधेच एक फुटाणाही खाल्ला.

शेवटी मॅडम उठल्या. दारापाशी खाली वाकून उंबऱ्याशी चेहरा नेला आणि म्हणाल्या, "इथून गारवा निसटतोय. रबराची पट्टी नीट बसली न्हाई. साहेब, फीत कापा. पण गर आत जायचा न्हाई."

फीत कापली, फोटो निघाले, भाषणात साहेबांनी बाईंचं नावही घेतलं. गर मात्र चार दिवसांनी आत गेला, नवी पट्टी बसवून, मॅडमनी परत माप घेतल्यावर.

हे सगळं पाहिलेलं असूनही, माझ्या कॉम्प्युटरचा प्रश्न त्यांच्याकडे न्यावा हे मला पुष्कळ दिवस सुचलं नाही. कॉम्प्युटर आणि फ्रीज यांचा काय संबंध, असंच मी धरून चाललो होतो.

मला एक नाद आहे. परळीकडच्या धर्मापुरीला जुनं देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर इतकी शिल्पं आहेत की एक दिवस उभं राहून एक बाजू बघून होत नाही. ती भिंत मी वर्षभर सुट्टीच्या दिवशी जाऊन इंच इंच फोटोत घेतली होती. असे शेकडो फोटो कॉम्प्युटरला दिले की तो ते एकमेकांशी जुळवून भिंतीचा हुबेहूब आकार पडद्यावर उभा करतो. सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतो. त्यासाठी मी एकेक भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडला होता. व्हिडिओ बघून बघून, स्वतःच्या हातानं. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या मे महिन्यात गावातून निरोप आला की पावसाळ्याआधी देवळाच्या मागच्या बाजूला डागडुजीसाठी परांची बांधणार. एकदा परांची चढली की भिंत झाकणार, आणि किती महिने झाकलेली राहील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शिवाय धुऊन पुसून झाल्यावर ती भिंत आज आहे तशी राहणार नव्हती. माझ्या फोटोंत कुठं काही सुटलंय का हे त्याआधी कळायला हवं होतं, आणि ते पूर्ण आकार उभा राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. कॉम्प्युटर मात्र दीड दिवस घुमायचा आणि मधेच बंद पडायचा.

मी ठरवलं, प्रोसेसरचा वेगच वाढवायचा. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कंपनीनं बांधून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगानं पळवायचा. पण त्याआधी तापमान बघा, असं जिथं तिथं सांगितलेलं. बघितलं तर शहाण्णव अंश. मी घाबरलो. कॅबिनेट बदलावं का, पाण्यानं थंड करायची सोय बसवावी का, असं मी स्टाफरूममध्ये कुणाला तरी सांगत होतो. गडदे मॅडम फुटाणे खाता खाता ऐकत होत्या.

"शहाण्णव कवा?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"काम चालू असताना का बंद असताना? किती वेळानं? आन् आधी खोली किती, ते सांगा."

"ते बघितलं नाही," मी म्हणालो.

"मग ते माप न्हाई, साळवे सर. ती बातमी हाय."

त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखून दिले. वेळ, खोली, नुसता चालू असताना, काम करताना. "तीन दिवस लिहा. मग बघू. मला कॉम्प्युटरातलं काही कळत न्हाई. पण तापणं कळतं."

तीन दिवसांनी रविवारी त्या आमच्या घरी आल्या, भर दुपारी अडीच वाजता. मी म्हटलं होतं, सकाळी गार वेळेला या. तर म्हणाल्या, "गार वेळेला आजारी माणूसबी बरा वाटतो. सगळ्यांत वाईट वेळेला बघायचं." दारात थांबल्या. "चाळीस." मीटर चाळीस पूर्णांक तीन. खोलीतला कूलर त्यांनी बंद करायला लावला. माझी बायको सुनीता दारातून बघत होती, तिनं कपाळाला हात लावला.

मॅडमनी कॉम्प्युटरचं झाकण काढायला सांगितलं. आत प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा होता, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला छोटा पंखा.

"ह्याला काय म्हणतात?"

"कूलर."

"एवढूशा ह्याला?" त्या मनापासून हसल्या. मग गंभीर झाल्या. "बरं. उष्णता कुठं तयार होते?"

"खाली. प्रोसेसरमध्ये."

"जाते कुठून?"

"या ठोकळ्यात, नळ्यांतून पात्यांत, मग पंखा ती हवेत सोडतो."

"म्हणजे वाटेत तीन नाके हायेत. प्रोसेसर ते ठोकळा, ठोकळा ते हवा, कॅबिनेटातली हवा ते खोली. कुठल्या नाक्यावर अडलीय ते शोधायचं. काम सुरू करा."

मी प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर आकडा उड्या मारत वर गेला. बासष्ट, ऐंशी, शहाण्णव. मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"वीस सेकंद," त्या म्हणाल्या. "लई लवकर. हवा अडली असती तर हळूहळू चढलं असतं. आधी पाती तापली असती, मग आतली हवा." त्यांनी आमचा टेबलफॅन उघड्या कॅबिनेटवर लावायला सांगितला. पाच मिनिटं थांबलो. आकडा दोनच अंशांनी उतरला. "तिसरा नाका मोकळा हाय. आता हात लावा."

त्या स्वतः हात लावतील म्हणून मी बाजूला सरकलो होतो.

"तुमी लावा," त्या म्हणाल्या. "मला सांगा."

मी पात्यांना हात लावला. "कोमट आहेत."

"कशासारखं कोमट?"

"म्हणजे... कोमट."

"तसं न्हाई सर. तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी? का ताकातला हात? का उन्हातला माठ?"

मी डोळे मिटले. पुन्हा हात ठेवला. "अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त. पण हात ठेवता येतोय."

"तांब्याच्या नळीला, अगदी खालून लावा. जपून. आता वरून. फरक?"

"फारसा नाही."

"दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्याच?"

मी डावीकडची नळी धरली, मग उजवीकडची. आणि पहिल्यांदाच मला माझ्या बोटांनी काहीतरी सांगितलं. "नाही मॅडम. डावीकडची गरम आहे. उजवीकडची जवळजवळ गार."

त्या मागे टेकून बसल्या. "खाली शहाण्णव, आन् वर हात ठेवता येतोय. उष्णता वर आलीच न्हाई. पहिल्याच नाक्यावर अडली. ठोकळा एका अंगाला बसलाय. काढा."

कॉम्प्युटर बंद करून, निवू देऊन मी चारही स्क्रू सोडले आणि ठोकळा उचलला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक करडं मलम लावतात, दोन धातूंमधली बारीक फट भरायला. ते डाव्या अर्ध्या भागात दबून पातळ पसरलं होतं. उजवीकडे जसं लावलं तसं जाड पडून होतं, वरून ठोकळ्याचा ठसादेखील उमटला नव्हता. या बाईनं तो ठोकळा उचलण्याआधी हे पाहिलं होतं. तेही माझ्या हातानं.

"स्क्रू कसे आवळले होते?"

"एका बाजूचे दोन पूर्ण. मग दुसऱ्या बाजूचे."

"कावून?"

मी खरोखरच त्यांच्या वर्गातल्या पोरासारखी मान खाली घातली आणि स्पिरिटची बाटली आणायला गेलो.

जुनं मलम स्पिरिटनं पुसून काढलं. नवं लावलं, मधोमध, तुरीच्या दाण्याएवढं. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा वेढा, आळीपाळीनं. कॉम्प्रेसरचं झाकण असंच आवळतात म्हणे. पुन्हा ताण टाकला. खोली एक्केचाळीस झाली होती. आम्ही तिघं घामानं निथळत अर्धा तास पडद्याकडे बघत बसलो. आकडा अठ्ठ्याहत्तरवर जाऊन थांबला तो हललाच नाही.

मी आनंदानं वेग वाढवायला बसलो तर मॅडमनी पडद्यावर दुसऱ्याच आकड्यावर बोट ठेवलं. "मघाशी हा पडत होता. चार पॉइंट दोनवरून दोन पॉइंट सहावर. आता हालत न्हाई. हा काय हाय?"

मी बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. तो वेग होता. तापमानाच्या आकड्याला मी इतका भ्यायलो होतो की त्याच्या शेजारच्या आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. फार तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. माझा कॉम्प्युटर हळू नव्हताच. महिनाभर तो जीव वाचवत होता, आणि मी त्याला आणखी पळवायला निघालो होतो.

"मग आता वाढवायचाय का?" त्यांनी विचारलं. "वाढवा की. एक पायरी वाढवायची, अर्धा तास बघायचं, लिहायचं. मग दुसरी." एका पायरीनं ब्याऐंशी झालं. दुसऱ्या पायरीनं एकोणनव्वद. "एक मागं या," त्या म्हणाल्या. "दुखण्याला जागा ठेवावी थोडी." मी मागे आलो.

तेवढ्यात सुनीतानं चहा आणला. स्टीलच्या पेल्यांत, उकळता, नुकताच ओतलेला. मी पेला काठाला धरून खाली ठेवला. मॅडमनी मात्र पूर्ण मुठीत धरला आणि धरूनच ठेवला.

"अहो मॅडम, भाजेल!" सुनीता ओरडली.

मॅडमनी हाताकडे पाहिलं. घाईनं नाही. पेला खाली ठेवला आणि बोटं उघडली. लाल झाली होती. सुनीता पाण्याचा तांब्या आणायला धावली.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "साखरेनं गेलं. बोटांना गरम-गार कळत न्हाई आता. तोंडाला अजून कळतं, म्हणून खोली सांगते. पोरांना सांगितलं न्हाई, तुमीबी सांगू नका."

"म्हणून मला हात लावायला सांगितला?"

"न्हाईतर कुणाचा घेऊ?" त्यांनी हात तांब्यात बुडवला. "सुरुवातीला लई रडले, साळवे सर. चाळीस वर्षं ह्या हातावर भाकरी खाल्ली. मग एक दिवस वर्गात एका पोरीला म्हटलं, तू लाव हात, मला सांग. तिनं सांगितलं. तिला सांगता यावं म्हणून मला विचारता यायला लागलं. आधी मी नुसता हात लावायचे आन् गप बसायचे. त्यातनं पोरांना काय मिळत होतं?"

मॅडमनी डाव्या हातानं पेला उचलला, आता काठाला धरून, आणि चहा पिऊन टाकला.

भिंतीचा आकार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाला. दोन ठिकाणी भोकं होती. एक आरसा धरलेल्या स्त्रीच्या कोपराच्या मागे, एक खालच्या थरात हत्तींच्या रांगेत. मी धर्मापुरीला जाऊन ते तेवढे फोटो घेतले. पुढच्या आठवड्यात परांची चढली. पुरी झालेली भिंत मी मॅडमना पडद्यावर फिरवून दाखवली. त्या आरसा धरलेल्या बाईकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. "दगडात काम करणाऱ्याला उन्हाचा किती त्रास झाला असंल," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला घोंगडं पांघरलेला, फेटा बांधलेला एक म्हातारा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. मॅडमनी ओळख करून दिली, थोरला भाऊ. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की मॅडमच्या माहेरची माणसं मेंढरं राखणारी. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायची, पावसाळ्यात परत यायची. मॅडम दहा वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्याबरोबर हिंडल्या होत्या, मग या भावानं त्यांना एका वस्तीशाळेत ठेवलं आणि स्वतः मेंढरांमागे राहिला. भाषण करायला सांगितलं तेव्हा तो म्हातारा उठला, म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. तिनं शिकावं असं आमाला वाटत हुतं. ती शिकली." आणि बसला. त्या दिवशी मॅडमच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर त्यांची भेट झाली नाही. फोन लागायचा नाही. कुणी म्हणायचं लेकीकडे गेल्या, कुणी म्हणायचं भावाबरोबर असतात.

गेल्या जानेवारीत मी एकटाच गाडीनं बीडहून गेवराईकडे निघालो होतो. सकाळची वेळ, हवेत गारठा, हायवेला ट्रकची रांग. पुढे एकदम सगळ्यांचे ब्रेक लागले. एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता, पाचशेच्या वर मेंढरं असतील. रस्त्याच्या मधोमध, ट्रकच्या तोंडाशी, एक बाई पाठमोरी उभी होती. उजवा हात वर केलेला, तळवा ट्रककडे. खांद्यावर घोंगडं, साडी कमरेला खोचलेली, पायात बूट.

एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तिनं वळूनही पाहिलं नाही. कळपाच्या शेवटी एक पिल्लू मागे राहिलं होतं, ते थबकत थबकत येत होतं. दोन्ही बाजूंचा हायवे त्या एका हातापुढे थांबला होता, आणि तो हात पिल्लू पलीकडे पोचेपर्यंत खाली आला नाही.

काच खाली करून हाक मारावी असं मला वाटलं. मारली नाही. माझ्या मागे आणखी गाड्या येऊन थांबत होत्या. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.